सूचना : प्रिंटरची शाई मागवण्यापूर्वी

सर्व सभासदांस नमस्कार. वाचनालयाच्या एप्सन प्रिंटरची काळी शाई संपत आली आहे. ज्यांची पाळी असेल त्यांनी आधी कॅशबॅक ॲप (खरेदीतले थोडे पैसे परत देणारे) उघडावे, तिथूनच दुकानाच्या साइटवर जावे आणि ऑर्डर एका दमात पुरी करावी. मध्येच दुसरे कुपन शोधायला गेलात की आपण ॲपमधून आल्याची नोंद तुटते आणि कॅशबॅक बुडतो. मागच्या खेपेस माझीच तुटली! कॅशबॅक लगेच मिळत नाही, माल परत करण्याची मुदत उलटल्यावरच पक्का होतो. बाटली ००३ क्रमांकाची, ६५ मिलीचीच घ्यावी. पॉइंट मिळतात म्हणून चारही रंग आणू नयेत, आपल्याकडे रंगीत छपाई होतेच किती? बिल वाचनालयाच्या नावाने घ्यावे, सुटलेले पैसे खजिनदारांकडे द्यावेत.

– चिटणीस