विषय: दा नांगचा 'स्लो स्टे' मधेच मोडला, त्याबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

मार्चमधे आम्ही चौघं तुमच्याकडून व्हिएतनाममधल्या दा नांगचं पॅकेज घेऊन गेलो होतो, मी, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई. बारा रात्री, एकच शहर, एकच अपार्टमेंट. परत येऊन तीन आठवडे झाले, कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, दरवेळी नवीन माणूस आणि दरवेळी "मॅडम, वर कळवलंय" एवढंच उत्तर. म्हणून आता सगळं लेखी देतेय. प्लीज शेवटपर्यंत वाचा, अर्धवट वाचून पुढच्या ट्रिपचं कूपन पाठवू नका.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालंय. ती चालते छान, पण रोज सकाळी बॅग भरा, गाडीत बसा, उतरा, फोटो काढा, परत बसा, असली ट्रिप तिला झेपत नाही आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नको होती. बुकिंगच्या वेळी तुमच्या एक्झिक्युटिव्हने मला विचारलंही होतं की बारा दिवस एकाच ठिकाणी करणार काय, तर मी म्हटलं राहणार, समुद्रावर जाणार, बाजार करणार, घरी स्वयंपाक करणार, दुपारी झोपणार. त्यावर ती म्हणाली की मग आमचं 'स्लो स्टे' तुमच्यासाठीच आहे. मी ईमेलमधे तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या, 'मी खे' नावाच्या बीचवर चालत जाता आलं पाहिजे, छोटं का होईना पण किचन पाहिजे, आणि मधे जागा बदलायची नाही. तुमचं "कन्फर्म्ड" असं उत्तर आलेलं आहे, ते सोबत जोडलंय.

पहिले सहा दिवस जागा अगदी सांगितली तशीच होती, हे मी मुद्दाम लिहितेय. 'मी खे'चा किनारा पूर्वेकडे आहे, त्यामुळे सूर्य थेट समुद्रातून वर येतो आणि तिथली माणसं पहाटे पाचलाच पाण्यात असतात, म्हातारी माणसंसुद्धा, वाळूवर बायकांचे व्यायाम चाललेले. आई तिसऱ्या दिवसापासून एकटी जायला लागली. ओल्या वाळूवरून हळूहळू चालायची आणि कोळ्यांच्या त्या बांबूच्या गोल टोपलीसारख्या होड्या असतात ना, त्या किनाऱ्याला लागेपर्यंत बघत उभी राहायची. त्या होडीला पुढचं-मागचं टोक असं काही नसतंच, माणूस एकच वल्हं समोर धरून पाण्यात इंग्रजी आठ काढल्यासारखं फिरवतो आणि होडी सरळ येते. हे ती रोज घरी येऊन हात फिरवून मुलीला दाखवायची. गल्लीच्या तोंडाशी एक फळंवाली बसायची, ती आईला येताना बघितलं की प्लास्टिकचं बुटकं स्टूल पुढे सरकवायची. आईचे गुडघे बघून तिने दुसऱ्याच दिवशी एकावर एक दोन स्टुलं ठेवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण अर्धा तास बसायच्या. मुलगी तिच्याकडूनच मोत, हाय, बा असे आकडे शिकली.

चाम म्युझियमला आम्ही तीन वेळा गेलो, त्याच एका म्युझियमला. 1919 साली उघडलेलं, हान नदीजवळ, चाम लोकांच्या जुन्या चंपा राज्याच्या देवळांमधली शिल्पं तिथे आहेत. 'मी सन' या चंपाच्या देवळांच्या ठिकाणाहून तिथे आणलेला उभा गणपती बघून आई पहिल्या दिवशी इतका वेळ तिथेच थांबली की बाकीचं सगळं राहूनच गेलं, म्हणून दुसऱ्यांदा गेलो आणि मग तिसऱ्यांदा. आम्हाला अशी ट्रिप पाहिजे होती आणि आम्ही पैसे यासाठीच भरले होते.

आता तक्रार. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात ड्रायव्हर, बा ना हिल्सला न्यायला आला म्हणून. आम्ही बा ना हिल्स मागितलंच नव्हतं. 1400 मीटरच्या आसपास उंचीवर केबल कारने जायचं, वर गोल्डन ब्रिज बघायला तोबा गर्दी, ज्यांना आवडतं त्यांनी जरूर जावं, पण आईला तिथे कुठे नेणार? ड्रायव्हर बिचारा खाली उभा, तुमच्या लोकल ऑफिसचा फोन लागेना, लागला तर ते म्हणतात पॅकेजमधे आहे, जावंच लागेल. दोन तास त्यात गेले. सहाव्या दिवशी परत तेच, या वेळी होई आन या जुन्या गावासाठी. होई आनला आम्ही जाणारच होतो, जेमतेम 30 किलोमीटर आहे, पण आमच्या वेळेने, संध्याकाळी. आता फायनल बिलात दोन्हीचे 'नो शो' चार्जेस लावलेत. जे बुकच केलं नव्हतं त्याला आलो नाही म्हणून दंड कसला?

आणि सातव्या दिवशी सकाळी अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर मेसेज, की अपार्टमेंट सहाच रात्रींसाठी होतं, बारापर्यंत खाली करा, गाडी पाठवतोय. एक तास! फ्रिजमधे भाजी, दोरीवर ओले कपडे, मुलगी रडतेय की आजी अजून बीचवरून आली नाही. सहाच रात्री मिळणार हे तुम्हाला आधीपासून माहीत असणारच, मग कन्फर्म्ड कशाच्या जोरावर लिहिलंत?

नवीन हॉटेल नदीच्या पलीकडे, खिडकी उघडली की समोर भिंत, किचन नाही, बीच पाचेक किलोमीटर. तुमचे लोक फोनवर मला सांगतात की मॅडम ते फोर स्टार आहे, तुम्हाला फुकट अपग्रेड मिळालं, वर स्विमिंग पूल आहे, ड्रॅगन ब्रिज जवळ आहे. ड्रॅगन ब्रिज सुंदर आहे, 666 मीटरचा, शनिवार-रविवारी रात्री नऊला पुलावरचा ड्रॅगन आग आणि पाणी सोडतो, ते आम्ही पहिल्याच शनिवारी आरामात बघून आलो होतो. पण रोज पहाटे पाचला चालत समुद्रावर जाणं आणि पुलाजवळ राहणं यांची तुलना होते का? आईचं सकाळचं चालणं त्या दिवसापासून जवळजवळ बंद झालं. दोन दिवस टॅक्सीने गेली, मग म्हणाली नको, तुम्हाला माझ्यासाठी उठावं लागतं.

किचनचं वेगळं सांगते, कारण तुमच्या माणसाने "बाहेर खूप रेस्टॉरंट आहेत" असं उत्तर दिलं. आई पूर्ण शाकाहारी आहे. तिकडे भाजीतसुद्धा माशांचं सॉस, न्युओक माम, सर्रास घालतात, नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. 'चाय' लिहिलेली शाकाहारी हॉटेलं असतात, चांगलीही असतात, पण नवीन जागेजवळ आम्हाला चालण्याच्या अंतरावर एकही मिळालं नाही. पहिल्या सहा दिवसांत आई घरी भात-भाजी करून जेवत होती, पुढच्या सहा दिवसांत किती वेळा फळं आणि ब्रेडवर राहिली ते मी मोजलेलं नाही, पण मला ते अजून लागतंय.

आठव्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली मला एकदा त्या गल्लीत सोड. टॅक्सीने गेलो. त्या बाईला वाटलं होतं आम्ही न सांगताच गेलो. आईने खुणेने विमान दाखवून नाही नाही अशी मान हलवली, मग नदीच्या दिशेला हात केला. त्या बाईने पपई दिली आणि पैसे घेतले नाहीत.

तर माझं म्हणणं असं आहे. शेवटच्या सहा रात्रींचे पूर्ण पैसे परत करा, कारण बीच, किचन आणि एकच जागा या तिन्ही अटी तुम्ही स्वतः कन्फर्म करून मोडल्या. दोन्ही 'नो शो' चार्जेस रद्द करा. त्या सहा दिवसांच्या टॅक्सीच्या पावत्या जोडल्यात, तेवढी रक्कम द्या. कूपन नको, पुढच्या बुकिंगवर सूट नको. आणि वेबसाइटवर या पॅकेजला 'एकच घर, निवांत मुक्काम' असं लिहिलंय ते, जागा पूर्ण दिवसांसाठी हातात नसेल तर, आजच काढा. आमच्यासारखीच म्हातारी माणसं घेऊन जाणारी घरं ते वाचून पैसे भरतात.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाणार आहे, ईमेल, मेसेज, पावत्या, फोटो सगळं तारखेप्रमाणे लावून ठेवलंय. फोन करू नका, ईमेलवरच लिहा.

आपली ग्राहक