ओपीटीचे तीन महिने आमचे असेच गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी तुमच्या पेपरात नेहमी काही ना काही येतं, कुठली युनिव्हर्सिटी, खर्च किती, व्हिसाची मुलाखत कशी द्यायची वगैरे. माझी लेक अमेरिकेत आहे म्हणून गेली तीन वर्षं मी ते सगळं कापून फाइलला लावतेय. पण एक विषय, आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये काम करायला विद्यार्थ्यांना मिळणारं वेगळं वर्क परमिट, त्यात कधीच आला नाही, आणि तो माहीत नसल्यामुळे आमचं जे नुकसान झालं ते आता भरून निघणार नाही, निदान दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबेल, पण जमलं तर कापू नका, यातल्या बारीकसारीक गोष्टीच कामाच्या आहेत.

माझी मुलगी पुण्यातच इकॉनॉमिक्समध्ये बीए झाली आणि मग दोन वर्षांच्या मास्टर्सला पब्लिक पॉलिसी शिकायला गेली. पहिल्या वर्षीच फेब्रुवारीत तिला वॉशिंग्टनच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची समर इंटर्नशिप मिळाली, जून ते ऑगस्ट, पगारी. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले, तिच्या बाबांनी सोसायटीच्या वॉचमनलाही बोलावून दिले. मग प्रश्न आला परवानगीचा. एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना कॉलेजच्या बाहेर असं उठून काम करता येत नाही, पगार असो नसो आधी कागद लागतो. सहसा दोन रस्ते सांगतात, सीपीटी नाहीतर ओपीटी. सीपीटी म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून केलेलं काम, त्याची परवानगी कॉलेजच देतं. हिच्या कोर्सला इंटर्नशिपचं क्रेडिट नव्हतं त्यामुळे सीपीटी मिळणार नाही असं कळलं. राहिली ओपीटी, म्हणजे शिकताना किंवा डिग्रीनंतर आपल्या विषयातलं काम करायची एकूण बारा महिन्यांची परवानगी. ज्या कन्सल्टन्सीतून आम्ही तिचं ॲडमिशन केलं होतं तिथे मी स्वतः गेले, तिथल्या बाई म्हणाल्या काळजी कशाला करता, ओपीटी आहे ना, आत्ता तीन महिने वापरा, बाकीची नंतर. कॉलेजमधल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातही तिला तेच सांगितलं. तिने अर्ज केला, मंजूर झाला, तीन महिने काम करून आली, खूश होती.

आणि ऑगस्टमध्ये परत कॉलेजला गेल्यावर तिच्याच डिपार्टमेंटची एक नेपाळी सीनियर तिला म्हणाली, अगं, तू ओपीटी का वापरलीस, आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी वेगळं वर्क परमिट असतं ना!

असतं. खरंच असतं, आणि नवीनही नाही. २९ डिसेंबर १९४५ ला अमेरिकेत एक कायदा झाला, आंतरराष्ट्रीय संस्थांना सवलती आणि संरक्षण देणारा. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, संयुक्त राष्ट्र संघ, जागतिक बँक, नाणेनिधी या सगळ्या तेव्हा उभ्या राहत होत्या. (१९४४ च्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत, जिथे बँक आणि नाणेनिधी ठरले, भारताच्या बाजूने आपले चिंतामणराव देशमुख बसले होते, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल कोण जाणे.) त्या कायद्याखाली ज्या संस्था येतात त्यांच्यापैकी एखादीने एफ-वनवरच्या विद्यार्थ्याला कामावर घ्यायचं ठरवलं तर तो थेट अमेरिकन इमिग्रेशनकडे वर्क परमिट मागू शकतो, आणि मुद्दा हा की हे काम ओपीटीच्या हिशेबात धरतच नाहीत. ना सीपीटीच्या. बारा महिन्यांची ओपीटी जशीच्या तशी शिल्लक राहते.

आता बारातले तीन गेले तर काय एवढं, असं माझ्या दिरांनीही विचारलं. त्यांचा मुलगा कॉम्प्युटरवाला आहे, त्याला बाराच्या वर अजून चोवीस महिने मिळाले कारण त्याची डिग्री स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनीअरिंग-गणितातली, म्हणून धरतात. पॉलिसी, डेव्हलपमेंट, आंतरराष्ट्रीय संबंध असले विषय घेणाऱ्या मुलांच्या डिग्र्या बऱ्याचदा त्या यादीत नसतात, त्यांना मिळतात ते बाराच. इकॉनॉमिक्सचं तर आणखी विचित्र, नुसतं इकॉनॉमिक्स असेल तर स्टेम नाही आणि इकॉनॉमेट्रिक्स ॲण्ड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स असेल तर आहे, सगळं आय-ट्वेंटीवर, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, छापलेल्या कोडवर, जाण्याआधी कुणी तो कोड बघतसुद्धा नाही. म्हणजे बघा, ज्या मुलांना जागतिक बँक, नाणेनिधी, युनो असल्या ठिकाणी बोलावतात ती बहुतेक हीच मुलं, आणि ज्यांच्याकडे महिने कमी तीही हीच, आणि ज्यांना हा तिसरा रस्ता कुणी सांगत नाही तीही हीच!

आमचा हिशेब सांगते म्हणजे कळेल. आम्ही एज्युकेशन लोन राष्ट्रीयीकृत बँकेचं घेतलंय, फ्लॅट तारण आहे. हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. ओपीटी कोर्स संपल्यापासून साठ दिवसांच्या आत सुरू करावी लागते. बारा महिने असते तर जास्तीत जास्त चौदा महिन्यांपर्यंत ती तिथे कमावत राहिली असती, निदान पहिले एक-दोन हप्ते तिच्या पगारातून गेले असते आणि मधे कुठेतरी पक्की नोकरी शोधायला वेळ मिळाला असता. आता नऊच उरलेत. दोन अधिक नऊ अकरा. बँकेचा पहिला हप्ता येईल त्याच्या महिनाभर आधीच तिची परवानगी संपलेली असेल. हे गणित मी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने तीनदा मांडलं, तिन्ही वेळा तेच आलं, आणि रात्री साडेआठला तिचा फोन आला (तिथे तेव्हा सकाळचे अकरा) तेव्हा तिला सांगायची हिंमत झाली नाही. तिने ते आधीच मांडलं होतं.

तिला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं तर एका मेलचं. त्या संस्थेच्या एचआरने ऑफरबरोबरच विचारलं होतं, तुला वर्क परमिटसाठी आमचं सर्टिफिकेशन लेटर हवंय का. हिला कशासाठी ते कळलं नाही, कॉलेजने ओपीटी सांगितली होती म्हणून हिने अगदी नम्रपणे लिहून टाकलं की नको, माझी सोय झाली आहे, धन्यवाद. तो मेल अजून तिच्याकडे आहे.

या वर्षी आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाला, तो पब्लिक हेल्थ शिकतो, आरोग्याच्या क्षेत्रातल्या अशाच एका संस्थेत बोलावणं आलं. त्याची आई माझ्याबरोबर सकाळी फिरायला येते, तिने तिथेच टेकडीवर सांगितलं आणि मी तिला म्हटलं आधी घरी चल. या वेळी मात्र नीट झालं, तरी एका जागी अडलंच, आणि ते मुद्दाम सांगते. संस्थेचं पत्र आलं, तिच्या फोनवर मी ते मोठं करून वाचलं. वर बोधचिन्ह, खाली सही, मधे कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, मानधन, कुठल्या विभागात, वरिष्ठ कोण, अगदी इमारतीत शिरायच्या पासबद्दलसुद्धा लिहिलेलं. पण जे वाक्य इमिग्रेशनला लागतं तेच नव्हतं, की हे काम आमच्या संस्थेच्या प्रायोजकत्वाच्या कक्षेत येतं असं आम्ही प्रमाणित करतो. नशीब त्याच्या कॉलेजची परदेशी विद्यार्थ्यांची अधिकारी, डीएसओ म्हणतात तिला, जाणकार होती, तिने ते पत्र परत पाठवलं. चार दिवसांत दुसरं आलं, पहिल्यासारखंच, फक्त दोन ओळी जास्त. त्या दोन ओळींवर सगळं चालतं. ते वाक्य नसताना अर्ज गेला असता तर तिकडून विचारणा येऊन सगळा उन्हाळा त्यातच गेला असता.

मग डीएसओने या कामाची शिफारस घालून नवीन आय-ट्वेंटी दिली. इथेही लक्ष ठेवायचं, तिच्यावरची डीएसओची सही अर्ज करताना तीस दिवसांच्या आतली लागते, म्हणजे आधीच सही घेऊन ठेवली आणि पत्र यायला महिना लागला तर ती सही वाया, परत घ्या. नंतर वर्क परमिटच्या अर्जाचा आय-७६५ फॉर्म, त्यात वर्गाच्या रकान्यात सी-३ आणि त्यापुढे रोमन दोन हाच कोड टाकायचा, ओपीटीचा टाकला की झालं कल्याण, तुमची ओपीटीच कापली जाते. कागदी अर्जाची फी १ एप्रिल २०२४ पासून ५२० डॉलर झालीय. ओपीटीला जादा पैसे भरून निकाल लवकर मागता येतो तशी सोय या वर्गाला नाही, म्हणून ऑफर आल्या आल्या पळायचं, मे उजाडायची वाट बघायची नाही. या मुलाला वर्क परमिटचं कार्ड यायला अडीच महिने लागले, एक जूनला सुरू व्हायचं ते वीसला झालं, संस्थेने तारीख पुढे ढकलून दिली.

आणि या वीस दिवसांत त्याच्या आईचा जीव वर-खाली होत होता, लोक सांगत होते अर्ज मंजूर होणारच आहे, जाऊन बसू दे ना ऑफिसात, कोण बघतंय. असं अजिबात करायचं नाही. कार्ड हातात पडल्याशिवाय आणि त्यावरची तारीख सुरू झाल्याशिवाय एक दिवससुद्धा काम केलं तर ते विनापरवाना काम, त्यात एफ-वन स्टेटसच जातं, मग ना ओपीटी ना डिग्री. विनापगारी इंटर्नशिपबद्दलही हेच. युनोच्या सचिवालयाची इंटर्नशिप विनापगारी असते, न्यूयॉर्कमध्ये राहण्याचा खर्च आईबापांनीच करायचा असतो, आणि पैसेच मिळत नाहीत तर परवानगी कशाला असं मुलांना वाटतं. आधी डीएसओला विचारा, लेखी विचारा, मेलवर उत्तर घ्या.

अजून एक घोटाळा मी फिरायला येणाऱ्या बायकांच्यातच ऐकला. नावात इंटरनॅशनल आहे किंवा चाळीस देशांत ऑफिसं आहेत म्हणून कुठलीही एनजीओ यात बसत नाही. १९४५ च्या कायद्याखाली अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ज्या संस्था जाहीर झाल्यात त्यांची यादी आहे, त्यात नाव पाहिजे. संयुक्त राष्ट्र, जागतिक बँक, नाणेनिधी, इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँक, पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशन या आहेत. रेडक्रॉसची जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय समितीही यात येते. ऑफर घ्यायच्या आधीच एचआरला सरळ विचारायचं की तुम्ही या कायद्याखाली येता का आणि तसं पत्र देता का. खरी संस्था असेल तर त्यांना हा प्रश्न नवीन नसतो, त्यांच्याकडे दरवर्षी मुलं येतात. पुढे त्याच संस्थेत पक्की नोकरी लागली तर जी-फोर नावाचा वेगळाच व्हिसा असतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत जावं लागत नाही, म्हणून तर ही इंटर्नशिप एवढी मोलाची.

आता माझं म्हणणं. पुण्यात डेक्कनपासून कर्वे रोडपर्यंत पावलापावलावर परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सी आहेत, आणि गोखले इन्स्टिट्यूट, फर्ग्युसनसारख्या ठिकाणांहून इकॉनॉमिक्स, समाजशास्त्र शिकलेली मुलं दरवर्षी बाहेर जातात. कन्सल्टन्सीवाले ॲडमिशनपर्यंतच बोलतात, त्यांचं काम तिथे संपतं हेही मला मान्य आहे. पण मग जे माहीत नाही त्यावर छातीठोक सल्ला देऊ नये, डीएसओला आणि संस्थेच्या एचआरला विचारा एवढं म्हटलं असतं तरी आमचे तीन महिने वाचले असते. कॉलेजांमधून मुलं जायच्या आधी प्लेसमेंट सेलवाले एक तास बसवून सीपीटी, ओपीटी आणि हे तिसरं, तिन्ही समजावून सांगू शकतात, त्याला कुठलं बजेट लागत नाही, गेल्या वर्षी जाऊन आलेली एखादी मुलगी व्हिडिओ कॉलवर आली तरी पुरे, माझी लेक तर आनंदाने येईल, तिने तसं मला सांगितलंय. आणि तुमच्या शिक्षणाच्या पानावर एकदा यावर सविस्तर लेख यावा, जाणकार इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घेतलेला, माझ्यासारख्या आईच्या पत्रापेक्षा त्याला वजन राहील.

उन्हाळ्याच्या ऑफर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. म्हणून हे पत्र छापणार असाल तर जानेवारीतच छापा ही विनंती. सोसायटीतल्या त्या मुलाच्या दुसऱ्या पत्रातल्या दोन ओळी मी त्याच्या परवानगीने लिहून ठेवल्यात, कुणा पालकाला हव्या असतील तर तुमच्या ऑफिसकडून माझ्यापर्यंत पोचवा, मी पाठवेन.

आपली,
एक पालक, कोथरूड, पुणे