गोळीतले कॅल्शियम आणि पेशीतले कॅल्शियम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मधुमेह आणि कॅल्शियम चॅनेल (पेशीच्या आवरणातील, कॅल्शियमला आत सोडणारी दारे) यांच्यावर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत क्वचितच कोणी लिहिते, त्यामुळे तो वाचून आनंद झाला. मात्र शरीरातील कॅल्शियम योग्य प्रमाणात राखले की इन्सुलिन नीट स्रवते, असा जो निष्कर्ष लेखाच्या अखेरीस काढला आहे, तो चुकीचा आहे. लेख आल्यानंतर ओळखीच्या दोघांनी मला कॅल्शियमची गोळी सुरू करू का असे विचारले, तर तिसऱ्या गृहस्थांनी रक्तदाबासाठी चालू असलेली, कॅल्शियम चॅनेल रोखणारी गोळी बंद करू का असे विचारले. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने या तिघांना तोंडी उत्तर देऊन थांबणे मला बरे वाटले नाही.

स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशीच्या बाहेरील द्रवात कॅल्शियमचे मुक्त आयन पेशीच्या आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी जास्त असतात. हा फरक पेशी स्वतः ऊर्जा खर्च करून टिकवते, आणि गोळी घेतल्याने रक्तातील कॅल्शियममध्ये जो किरकोळ फरक पडतो त्याची या प्रचंड तफावतीपुढे काहीच मातब्बरी नाही. बाहेर कॅल्शियम किती आहे यापेक्षा ते आत केव्हा, किती वेळ आणि नेमके कोठे शिरते, यावर सारे अवलंबून असते.

रक्तातील ग्लुकोज वाढले की ते बीटा पेशीत जाते, तेथे त्याचे विघटन होऊन एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू तयार होतो, आणि एटीपी वाढताच पेशीच्या आवरणातील एक विशिष्ट पोटॅशियम चॅनेल बंद होते. त्यामुळे उणे 70 मिलिव्होल्टच्या आसपास असलेला आवरणाचा विद्युतदाब शून्याकडे सरकू लागतो आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच एल-प्रकारची कॅल्शियम चॅनेल उघडतात. कॅल्शियम आत येते आणि आवरणाला टेकून तयार असलेल्या पुटिका, म्हणजे इन्सुलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, त्यांतील इन्सुलिन बाहेर सोडतात. कॅल्शियमविना हे घडत नाही, हे ग्रोड्स्की आणि बेनेट यांनी 1966 मध्ये वेगळ्या काढलेल्या स्वादुपिंडावर दाखवले होते; पोटॅशियम चॅनेलचा दुवा मात्र 1984 मध्ये जुळला.

हे मी उंदराच्या स्वादुपिंडातील एका बेटात प्रत्यक्ष पाहिले आहे. लँगरहॅन्सचे हे बेट म्हणजे बीटा व इतर पेशींचा पुंजका; तो वाळूच्या बारीक कणाएवढा असतो. कॅल्शियमशी जोडले गेले की हिरवे चमकणारे रंगद्रव्य त्यात भरून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि द्रवातील ग्लुकोज वाढवले, तर आधी काहीच होत नाही, उलट चमक किंचित मंदावते; कारण पेशी आतले कॅल्शियम प्रथम आपल्या साठ्यात ओढून घेते. मग मिनिट-दोन मिनिटांत सबंध बेट एकदम उजळते, विझते, पुन्हा उजळते, आणि ही उघडझाप चालूच राहते. शेजारच्या पेशी एकमेकींशी जोडलेल्या असल्याने त्या जवळजवळ एका तालात चालतात. पहिल्यांदा हे पाहणारा विद्यार्थी हटकून घड्याळाकडे बघतो.

टाइप 2 मधुमेहात बिघडतो तो हाच ताल. ग्लुकोज वाढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत इन्सुलिनचा जो जोरदार झोत येतो, तो या आजारात फार लवकर क्षीण होतो. त्यामागे एकच कारण नाही, पण एक निरीक्षण मला विशेष बोलके वाटते: उंदरांच्या बीटा पेशी मेदाम्लात दीर्घकाळ ठेवल्या असता कॅल्शियम चॅनेल पुटिकांपासून दुरावतात. कॅल्शियम आत येते, पण जेथे हवे तेथे न साठता विखुरते, आणि इन्सुलिन अडूनच राहते. येथे आणखी कॅल्शियम देऊन काय साधणार?

सल्फोनिलयुरिया गटातील ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहावरील औषधे याच साखळीत काम करतात. ती पोटॅशियम चॅनेल थेट बंद करतात, म्हणून कॅल्शियम चॅनेल उघडतात; मात्र त्या वेळी ग्लुकोज कमी असले तरी ती थांबत नाहीत, आणि रक्तशर्करा एकदम उतरण्याचा धोका त्यातूनच येतो. याच पोटॅशियम चॅनेलच्या जनुकातील दोष नवजात बालकांच्या मधुमेहाला कारण ठरतो, असे 2004 मध्ये आढळले आणि त्यानंतर अशा अनेक बालकांचे इन्सुलिनचे इंजेक्शन सुटून ती सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर आली. एका चॅनेलचे इतके महत्त्व!

आता तिसऱ्या गृहस्थांचा प्रश्न. वेरापॅमिल हे कॅल्शियम चॅनेल रोखणारे औषध आहे. त्याची फार मोठी मात्रा पोटात गेल्यास रक्तशर्करा वाढते, ते वरील विवेचनाला धरूनच आहे. तरीही 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नव्याने टाइप 1 मधुमेह झालेल्या 7 ते 17 वर्षे वयाच्या 88 मुलांपैकी ज्यांना वेरापॅमिल दिले गेले, त्यांच्यात स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते हे दाखवणारे सी-पेप्टाइड वर्षभरानंतर इतरांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी अधिक होते. कॅल्शियम सतत आत येत राहिले तर बीटा पेशीत टीएक्सएनआयपी हे घातक प्रथिन वाढते, आणि वेरापॅमिल तो ओघ कमी करून पेशी तगवते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे चॅनेल उघडणेही हवे आणि ते वेळेवर मिटणेही हवे. मात्र या मुलांचे इन्सुलिन सुटलेले नाही, हेही सांगायला हवे. आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या मात्रेतील गोळीमुळे मधुमेह होतो किंवा बरा होतो, असे या चाचणीवरून कोणी समजू नये. ती डॉक्टरांना विचारल्याविना सुरूही करू नये व बंदही करू नये.

पुरवणीच्या पुढील अंकात, लेखातील 'शरीरातील कॅल्शियमची पातळी' या शब्दांच्या जागी 'बीटा पेशीत शिरणारे कॅल्शियम' असे वाचावे, एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक