ज्यांनी माझ्या बहिणीची केस घेतली नाही, त्या समुपदेशक ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात मी तुम्हाला मेल केला होता. धाकटी बहीण न्यूयॉर्कमध्ये शिकते आहे, दोन महिने धड झोपलेली नाही, वर्गात जायचं टाळते, मराठीत बोलता येईल असं कुणीतरी हवं आहे. तुम्ही तिला ऑनलाइन बघाल का? त्यावर तुम्ही फोन केलात आणि नाही म्हणालात. या पत्रात त्या 'नाही'बद्दलच आभार मानायचे आहेत.

नाही म्हणण्याआधी तुम्ही विचारलंत, ती जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोलते का? बोलत असेल तर समुपदेशक शोधण्यात एक मिनिटही घालवू नका, तिला आत्ता ९८८ ही अमेरिकेतली आत्महत्या रोखणारी हेल्पलाइन लावायला सांगा. तसं काही नव्हतं. मग दुसरा प्रश्न: "तिने तुम्हाला शोधायला सांगितलंय का?" तिथे माझी दातखीळ बसली. मी तिच्या नकळत हा सगळा उद्योग करत होतो. "आधी तिला विचारा," एवढंच म्हणालात. बोल लावला नाहीत.

तुमचं लायसन्स फ्लोरिडाचं. मला वाटायचं, व्हिडिओवर तर बोलायचंय, मध्ये राज्याची हद्द कुठून आली? पण समुपदेशक कुठे आहे याच्याइतकंच बोलणारा कुठे बसलाय हे महत्त्वाचं, आणि ती न्यूयॉर्कमध्ये बसलेली असताना लायसन्सही न्यूयॉर्कचंच लागणार, हे तुमच्याकडून कळलं. प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा. समुपदेशकांना लायसन्स द्यायला व्हर्जिनियाने १९७६ मध्ये सुरुवात केली, कॅलिफोर्निया सगळ्यात शेवटी, २००९ मध्ये. म्हणून तर नावांचा हा गोंधळ: न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात एलएमएचसी (लायसन्स्ड मेंटल हेल्थ काउन्सेलर), न्यू जर्सीत एलपीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर). मी यांना चढत्या क्रमाच्या पदव्या समजून कुठली मोठी याचा हिशोब मांडत बसलो होतो!

आता एक कबुली. तुम्हाला मेल करण्याआधी मी एका 'सर्टिफाइड माइंडसेट कोच'ला तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायच्या बेतात होतो. साइट देखणी, प्रमाणपत्रांची रांगच रांग. तुम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणालात, प्रमाणपत्र कोर्स चालवणारा देतो, लायसन्स राज्य देतं. काही वावगं घडलं तर राज्याकडे तक्रार करता येते आणि राज्य ते लायसन्स काढूनही घेऊ शकतं. कोच म्हणवून घ्यायला कुणाचंच लायसन्स लागत नाही. मी त्या कोचना मेल करून लायसन्स नंबर मागितला. उत्तरात सवलतीचा कूपन कोड आला.

तुम्ही सांगितलंत तसं आम्ही दोघं, हो, तिला विचारून, न्यूयॉर्कमध्ये लायसन्सचं काम बघणाऱ्या 'ऑफिस ऑफ द प्रोफेशन्स'च्या साइटवर समुपदेशकांची नावं तपासत बसलो. व्यवसाय निवडायचा, आडनाव किंवा नंबर टाकायचा. फुकट, आणि दोन मिनिटांचं काम. पण नाव दिसलं की हुश्श म्हणायचं नाही, हे तुम्ही बजावलं होतं. तिथे लायसन्स एकदा मिळालं की काढून घेईपर्यंत जन्मभराचं. नोंदणी मात्र दर तीन वर्षांनी नवी करावी लागते. म्हणून 'रजिस्टर्ड' हा शब्द शोधायचा. कारवाई झालेल्यांची यादी वेगळ्या पानावर असते, तेही बघायचं. एका बाईंचं नाव काही केल्या सापडेना. मी त्यांना ठग ठरवून मोकळा झालो होतो. बहिणीने सरळ त्यांनाच विचारलं, तर लायसन्स माहेरच्या नावावर होतं.

आणखी एकीच्या नावापुढे 'एमएचसी-एलपी' होतं. मी घाबरून पुन्हा तुम्हाला लिहिलं. ही फसवणूक नाही, हा मर्यादित परवाना, असं तुमचं उत्तर आलं: मास्टर्स झालेली असते, पण पूर्ण लायसन्ससाठी देखरेखीखाली ३,००० तास काम करावं लागतं, ते चालू असतं. देखरेख कोण करतं हे विचारा, त्यांचं नाव तपासा आणि मग ठरवा. गंमत म्हणजे माझ्या बहिणीने निवडलं ते तिलाच. मराठी येत नाही तिला. मी नाराज झालो होतो, तर बहीण म्हणाली, "दादा, घरच्या भाषेत मला रडायला येतं, बोलायला नाही येत."

फीबद्दलचा तुमचा सल्लाही कामी आला. विम्याशिवाय पैसे भरणाऱ्याला अंदाजे खर्च लेखी मागता येतो, २०२२ पासून तसा कायदाच आहे, हे मला कुणी दुसऱ्याने सांगितलं नसतं.

ती आता दर आठवड्याला जाते. आत काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. गेल्या महिन्यात तिने एक पेपर वेळेवर दिला आणि मला रात्री अडीचला फोन केला नाही, इतकं मला कळतं.

तुम्ही दोन फोन केलेत, तीन मेलना सविस्तर उत्तरं दिलीत, आणि फी विचारली तर हसलात. मेलखाली तुमचा स्वतःचा लायसन्स नंबर होता. त्याच रात्री फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याच्या साइटवर मी तोही टाकून पाहिला. रागावू नका, शिकवणूक तुमचीच. 'क्लिअर, अॅक्टिव्ह' आलं. मुदत ३१ मार्चला संपते, तेवढी नूतनीकरणाची आठवण असू द्या.

तुमचा कृतज्ञ,
न्यूयॉर्कवालीचा दादा