विषय - टी-6 म्हणून दिलेले बुश तीन आठवड्यांत खलास, फर्नेसचा चार्ट अजून नाही

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. पाचवा. म्हणून आता थेट मॅनेजर साहेबांना लिहितोय.

जळगाव एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, डाळ मिलची कामं करतो. मार्चमध्ये तुमच्याकडून चाळणीच्या शाफ्टसाठी 24 बुश घेतले, 6061 ॲल्युमिनियममध्ये 15 टक्के सिलिकॉन कार्बाइडचे दाणे, टी-6, म्हणजे तापवून, पाण्यात टाकून, परत भट्टीत ठेवून कडक केलेले. ब्रॉन्झपेक्षा जास्त टिकतील हे तुमच्याच सेल्सवाल्याने गळी उतरवलं. तीन आठवड्यांत ढिले. उघडले तर ग्रीस काळंकुट्ट, बोटांत चोळलं तर खरखर लागते, शाफ्टवर गोल गोल चरे. माझ्या फिटरने कानस मारली आणि म्हणाला, हाई ते लोनी शे.

हार्डनेस काढला, 61 ब्रिनेल. साधं 6061 टी-6 ला 95 च्या आसपास असतं, तुमचं तर कार्बाइड घातलेलं. मऊ ॲल्युमिनियमने दाणे धरले नाहीत, ते सुटले आणि मधेच फिरत बसले. ग्राइंडिंग व्हीलचा माल तो, म्हणजे बुशच्या पैशात मला शाफ्ट घासायचं मशीन दिलंत.

आता आजचा फोन. मी एवढंच विचारलं की 530 डिग्रीला किती वेळ ठेवलं, पाण्यात लगेच टाकलं का (क्वेंच), नंतर 160-175 डिग्रीला किती तास भट्टीत ठेवून एजिंग केलं, आणि फर्नेसचा चार्ट, म्हणजे तास-तापमानाची नोंद, द्या. मुलगा म्हणे होल्ड करा सर. अकरा मिनिटं बासरी. मग येऊन म्हणतो, "सर जळगावला ऊन फार असतं ना, त्याच्यामुळे टेम्पर उतरलं असेल." मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं, परत विचारलं, तर परत तेच आणि वरून "सावलीत ठेवले होते का सर?" अरे भाऊ, बुश आहेत का कुरडया? आमच्याकडे मे मध्ये 45 होतं, मान्य, पण 45 ला टी-6 उतरत असतं तर भुसावळात ॲल्युमिनियमची एक शिडी उभी राहिली नसती.

कार्बाइडवाला माल साध्या 6061 पेक्षा लवकर एज होतो, क्वेंचला ॲल्युमिनियम जास्त आकसतं, दाणे कमी, त्या ताणाने आत डिस्लोकेशन, म्हणजे धातूच्या रचनेतले बारीक दोष, वाढतात आणि एजिंगला वेग येतो, हे तुम्हाला मी शिकवायचं का? साध्याचंच टायमिंग लावलं असेल तर माल जास्त पिकला आणि मऊ पडला. केळीच्या चेंबरवरच्या पोरालाही कळतं हे. पण 61 बघून मला तर वाटतं क्वेंचच धड झालं नाही. म्हणून चार्ट मागतोय. सर्टिफिकेटवर टी-6 छापलंय, तास नाही, तापमान नाही, परत सांगतो, चार्ट द्या.

मिलवाल्याची दोन दिवस मिल बंद राहिली, त्याचं मी ऐकून घेतलं, कारण तुमचं नाव मीच सुचवलं होतं. बुशचे पैसे आणि दोन शाफ्टचा खर्च आठ दिवसांत पाहिजे, नाहीतर ग्राहक आयोग. धंद्यासाठी घेतलं म्हणून केस बसत नाही असं सेल्सवाला आधीच ऐकवून गेलाय, पण मी स्वतः लेथवर उभा राहून पोट भरतो, तेवढा कायदा मलाही कळतो.

न वापरलेले 8 बुश अजून खोक्यातच आहेत, कधीही माणूस पाठवून तपासा. सावलीत ठेवलेत.