पोरी मिळेनात म्हणता, मग गेल्या कुठं?

मा. संपादक, नमस्कार.

परवा जेवताना भावानं मोबाईलवर एक रील दाखवलं, दक्षिण कोरियातल्या पोरींनी म्हणे फोर बी नावाची चळवळ काढलीय (तिकडच्या भाषेत बी म्हणजे नको), डेटिंग नको, लग्न नको, मूल नको, पुरुषाजवळ जाणंच नको, आणि वर म्हणाला बघ ताई, पोरी जास्त शिकल्या की असं होतं, आपल्याकडं पण तेच चाललंय. भाऊ तिशी उलटलेला, करवीर तालुक्यात दीड एकर ऊस आणि चार म्हशी, तीन वर्षं स्थळं बघतोय. बायोडाटाच्या झेरॉक्सवरनं झेरॉक्स काढून फोटो एवढा काळपट झालाय की चेहरा ओळखू येत नाही. त्याचं दुःख मला कळतं, पण ते बोलणं पटलं नाही म्हणून लिहितेय.

फोर बीवाल्या तिथं पण थोड्याच आहेत. राग मात्र दोन्हीकडं साचलाय. पोरं म्हणतात १८ महिने सक्तीनं मिलिटरीत आम्हीच जायचं, लग्नाला घर पण आम्हीच बघायचं, आणि हे काय सगळंच खोटं नाही. पोरींचं म्हणणं, पगार पुरुषांपेक्षा साधारण ३० टक्के कमी, बाळंतपण झालं की नोकरी सुटते, टॉयलेटमध्ये छुपे कॅमेरे. मे २०१६ मध्ये सोलच्या गंगनम स्टेशनजवळ एक माणूस टॉयलेटमध्ये दबा धरून बसला, आधी आलेले पुरुष जाऊ दिले आणि मग आलेल्या अनोळखी पोरीला भोसकून मारलं, का तर म्हणे बायका मला किंमत देत नाहीत. लोकांनी स्टेशनच्या दाराशी चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून सगळी जागा भरून टाकली. २०२२ ला महिलांचं मंत्रालयच बंद करतो म्हणणारे यून सुक-योल राष्ट्राध्यक्ष झाले, त्यात विशीतल्या पोरांचं मत एकीकडं आणि पोरींचं दुसरीकडं, एकाच घरातली भावंडं असतील की हो ही! २०२३ ला तिथं एका बाईमागं सरासरी ०.७२ मूल.

पण १९९० सालाचं रीलमध्ये कुणी सांगत नाही. त्या वर्षी कोरियात १०० मुलींमागं ११६ च्या वर मुलगे जन्मले. तिथल्या पंचांगात ते घोड्याचं वर्ष होतं, त्यात जन्मलेली मुलगी हट्टी निघते असा समज, आपल्याकडं मूळ नक्षत्रावरच्या मुलीला नावं ठेवतात तसलाच प्रकार. गर्भाचं लिंग सांगायला तिथं १९८७ लाच बंदी, आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा, आणि दोन्हीकडं चालायचं ते चाललंच.

मी पण १९९० ची, तिसरी मुलगी. बर्फीसुद्धा वाटली नव्हती. माझ्यानंतर आईला दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं, मग १९९४ ला भाऊ झाला आणि गल्लीभर पेढे. कुणाला बायको मिळावी म्हणून त्या दोघी जन्मायला पाहिजे होत्या असं मी म्हणत नाही, पण भाऊ ज्या पोरी शोधतोय त्या कमी कुणी केल्या ते त्याला माहीत पाहिजे. त्या रात्री मी त्याला सांगितलं. तो ताटावरनं उठला नाही, पण पुढं एक घास पण खाल्ला नाही.

२००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. तीच मुलं आता लग्नाची झालीत. तुमच्या पेपरात ‘शेतकरी मुलांना मुली मिळेनात’ अशी बातमी महिन्या-दोन महिन्यांनी येते, त्यात मुलींच्या अपेक्षा वाढल्यात एवढंच असतं. पुढच्या वेळी ती बातमी छापताना हा ८३९ चा आकडा पण त्यात घाला, एवढी विनंती.

आपली एक वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर