तुझी कोसला वाचली

प्रिय बाळा,

तू कपाटात ठेवून गेलेली कोसला शेवटी वाचून काढली. कॉलेजात असताना तू दर दोन वाक्यांनी उदाहरणार्थ आणि वगैरे म्हणायचास, आणि मी ओरडायचे की जरा धड बोल, ते सगळं या कादंबरीतल्या नायकाकडून, पांडुरंग सांगवीकराकडून उचललेलं होतं होय! 1963 सालची कादंबरी, भालचंद्र नेमाडे तेव्हा स्वतःच जेमतेम पंचविशीचे. खरं सांगू, सुरुवातीला मला अजिबात झेपली नाही, होस्टेल, मेस, पोरांच्या टवाळ्या, पुढे काही घडतच नाही, दोनदा मिटून ठेवली. मग मनी गेली. पांडुरंगाची एवढीशी बहीण, देवी येऊन जाते, आणि प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा पोरगा, त्याची भाषाच मोडून पडते तिथे. मी चष्मा काढून बसून राहिले. आणि नेमकी त्याच पानावर समासात तुझी पेन्सिलीची रेघ, इतकी दाबून मारलीयस की मागच्या बाजूला वळ उठलाय.

वडिलांबद्दल तो जिथे जिथे कडू बोलतो तिथेही तुझी बारीक टिंबं आहेत, सगळीकडे नाही, पण आहेत. बाबांना दाखवली नाहीत.

तू नेहमी म्हणतोस की कादंबऱ्या काय, रचलेल्याच, आत्मचरित्र वाच, ते खरं असतं. म्हणून सुनीताबाई देशपांड्यांचं आहे मनोहर तरी परत काढलं. 1990 साली आलं तेव्हा पुलं हयात होते, विचार कर, सगळ्यांच्या लाडक्या माणसाबद्दल त्याच्या बायकोने एवढं स्पष्ट लिहायचं! स्वतःलाही सोडत नाही ती बाई, हे मान्यच. पण कधीकधी वाटतं की घरातला हिशेब मांडलाय आणि आपल्याला पंच म्हणून बसवलंय, दुसरी बाजू बोलतच नाही ना. तरी मी रात्री दोनपर्यंत वाचत होते, ते वेगळं.

त्यापेक्षा मला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, जास्त जवळचं. नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंना ते कळलं मागाहून, मग काही वर्षं दोघं वेगळी राहिली, म्हणजे तक्रार करायला हिच्याकडे सुनीताबाईंपेक्षा कमी कारणं नव्हती. शाळेत न गेलेली बाई, पण टिळकांचा विक्षिप्तपणा सांगताना आधी स्वतःवर हसते, त्यामुळे राग आपल्याला येतो, तिला नाही. हे जमणं किती अवघड आहे ते मला आत्ता या वयात कळतंय, मी लिहायला बसले असते तर पहिल्या पानावरच तुझ्या आजीची सगळी प्रकरणं आली असती.

म्हणून खरं-खोटं हा तुझा मुद्दा मला पटत नाही. मनी रचलेलीच असेल, पण वळ तिच्याच पानावर उठलाय, तुझ्या त्या एकाही खऱ्या पुस्तकात पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नाही, मी बघितली सगळी.

अजून एक. शेवटाजवळच्या एका पानावर तू नुसतं प्रश्नचिन्ह काढलंयस, गोल करून. मी ते पान चार वेळा वाचलं, काय विचारायचं होतं ते कळेना. फोनवर नको, फोनवर तू हं हं करतोस. लिहून पाठव, आणि वगैरे वगैरे लिहून उडवू नकोस.

तुझी आई